यूके: मैत्रिणीची मुलगी पाच महिने आमच्याकडे राहणार, काउन्सिलला खरंच कळवावं लागतं का?

रीडिंगची_रेवा

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला.

आम्ही रीडिंगला राहतो, मी, नवरा, मुलगा १७ चा आणि मुलगी ११ ची. माझी एक मैत्रीण आहे, अगदी घरातलीच म्हणा, गणपतीला आमच्याकडचे मोदक तीच वळते. सिंगल पेरेंट आहे, मुलगी १४ ची, इयर टेनमध्ये. दोघींकडे ब्रिटिश पासपोर्ट, म्हणजे व्हिसाची भानगड नाही. तर झालं असं की मैत्रिणीच्या वडिलांना सांगलीला अर्धांगवायूचा झटका आला, आई आधीच गुडघ्यांनी बेजार, ही एकुलती एक, त्यामुळे तिला जाणं भाग आहे. ऑफिसने बिनपगारी रजा दिलीय जूनअखेरपर्यंत. मुलीला मधेच उचलून न्यायचं तर जीसीएसईचं (म्हणजे इथल्या दहावीचं) वर्ष हातचं जाणार, सगळा कोर्सवर्क अर्धवट, आणि सांगलीत ती पाच महिने करणार काय, तिला मराठी कळतं पण वाचता येत नाही. मी म्हटलं, राहू दे की आमच्याकडे, त्यात काय एवढं. माझ्या मुलीच्या खोलीत बंक बेड आहेच.

परवा मैत्रिणीने शाळेत इमर्जन्सी कॉन्टॅक्ट बदलायला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या की याला प्रायव्हेट फॉस्टरिंग म्हणतात, तुम्ही काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवायला हवं, आणि नाही कळवलंत तर आम्ही कळवू. तेव्हापासून आमच्या दोघींच्या पोटात गोळा. फॉस्टर म्हटलं की आईबापांनी टाकलेली नाहीतर काढून घेतलेली मुलं हेच डोळ्यासमोर येतं हो. व्हॉट्सॅप ग्रुपवर एकीने लगेच नॉर्वेचं ते मुलं काढून घेतल्याचं प्रकरण टाकलं, झालं, मैत्रीण रात्रभर झोपली नाही.

खरंच कळवावं लागतं का? मी तिची मावशीच आहे, जन्मल्यापासून मांडीवर खेळवलंय. आणि कळवलं तर घरी येऊन काय काय बघतात? माझा मुलगा १७ चा आहे त्यावरून काही म्हणतील का? मैत्रिणीचं तिकीट तीन आठवड्यांनी आहे.

जुना_पुणेकर

अहो कशाला स्वतःहून नसतं लचांड मागे लावून घेताय. आमच्या घराण्यात निम्मी माणसं दुसऱ्याच्या घरी राहून शिकली. आजोबा कोकणातून पुण्याला आले ते वार लावून जेवले, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, कोणी सरकारला कळवलं नव्हतं आणि आजोबा हेडमास्तर होऊन रिटायर झाले. माणुसकीला फॉर्म भरायला लावणारा देश आहे तो.

अगदीच भीती वाटत असेल तर मी ऐकलंय की २८ दिवसांचा नियम आहे. २७ दिवस झाले की दोन दिवस मुलीला दुसऱ्या कुणाकडे पाठवा, परत आणा. संपला विषय.

हॅरोची_मेधा

रेवाताई, आधी पाणी प्या. मी एका काउन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसमध्ये काम करते, कुठल्या ते सांगत नाही, पण हे असले नोटिफिकेशन माझ्या टेबलावर येतात म्हणून सांगते.

हो, कळवावं लागतं. १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टमध्ये आहे. १६ च्या आतलं मूल, डिसेबल असेल तर १८ च्या आतलं, आईवडील किंवा जवळचे नातेवाईक सोडून दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर ते प्रायव्हेट फॉस्टरिंग. जवळचे म्हणजे कोण तेही कायद्यातच आहे: आजीआजोबा, सख्खे किंवा सावत्र बहीणभाऊ, काका मामा आत्या मावशी, त्यात काकू मामी आल्या, आणि सावत्र आई किंवा वडील. बास. आईची चुलतबहीण नाही, आजीची बहीण नाही, थोरली मावसबहीण नाही, आणि मांडीवर खेळवलेली मानलेली मावशी तर नाहीच, सॉरी. आपल्या लोकांची गाडी इथेच अडते कारण आपण चुलतमामाला पण मामाच म्हणतो आणि मनापासून म्हणतो.

@जुना_पुणेकर काका, ती २७ दिवसांची युक्ती चालत नाही. किती दिवस ठेवायचा इरादा आहे ते बघतात, पाच महिन्यांचं ठरलंय म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून लागू, मधे दोन दिवस कुठे गेली तरी मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. आणि न कळवणं हा गुन्हा आहे, नुसती चूक नाही. शाळेला तर आता माहीतच झालंय.

खरं तर सहा आठवडे आधी कळवायचं असतं. तुमच्याकडे तेवढे नाहीत, अशा वेळी लगेच कळवायचं, म्हणजे उद्या. मैत्रिणीनेही आणि तुम्हीही, जबाबदारी दोघींची आहे. रीडिंगच्या काउन्सिलच्या वेबसाइटवर प्रायव्हेट फॉस्टरिंग शोधा, नंबर मिळेल. आजारपणामुळे अचानक ठरलं म्हणून सांगा, अशी कारणं आम्ही रोज ऐकतो, कोणी वाकडं बघत नाही.

मग कामाच्या ७ दिवसांत सोशल वर्कर घरी येईल. तुमच्याशी बोलेल, मैत्रीण इथे असेल तर तिच्याशी, आणि मुलीशी एकटीशी. हे एकटीशी बोलणं ऐकून लोक बिथरतात पण सगळ्या भेटीचा जीव त्यातच आहे, कारण मोठ्या माणसांपुढे पोर खरं सांगत नाही. घरातल्या १६ आणि त्यावरच्या सगळ्यांचं डीबीएस चेक होतं, म्हणजे जुने गुन्हे वगैरे आहेत का ते बघतात, तुमच्या मुलाचंही होईल, तो मुलगा आहे म्हणून नाही, १६ च्या वर आहे म्हणून. कुणाला जुनी शिक्षा झालेली असेल, कुणाचं स्वतःचं मूल पूर्वी काढून घेतलेलं असेल, तर अडचण. तुमच्याकडे तसं काही नसावं असं धरून चालते. पहिल्या वर्षात दर सहा आठवड्यांच्या आत एक भेट, पुढे बारा आठवड्यांच्या. जूनपर्यंत म्हणजे मोजक्या भेटी. तिच्या सोळाव्या वाढदिवसाला तसंही हे प्रकरण कायद्याने संपतं.

नॉर्वेचं इथे कशाला आणलं त्या बाईंनी. तिथे सरकारने मुलं आईबापांकडून घेतली होती. इथे आईबापांनी स्वतः ठरवलेलं असतं, पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे पालक म्हणून कायदेशीर हक्क आणि जबाबदारी, मैत्रिणीकडेच राहते, ती द्यायची म्हटली तरी तुम्हाला देता येत नाही, फक्त रोजची कामं सोपवता येतात. काउन्सिल मूल ताब्यात घेत नाही, ठीक आहे ना एवढं बघते.

आणि हे एवढं कडक का, तर व्हिक्टोरिया क्लिंबी. आयव्हरी कोस्टची पोरगी, आईवडिलांनी चांगलं शिक्षण मिळेल म्हणून वडिलांच्या आत्याबरोबर किंवा मावशीबरोबर (इंग्रजीत दोन्ही आंटच) युरोपात पाठवली. २००० सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये ती मेली, ८ वर्षांची होती, अंगावर १२८ जखमा. त्या बाईला आणि तिच्या मित्राला जन्मठेप झाली. ती कोणाकडे राहते, का राहते, हे काउन्सिल, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांनी वरवर पाहिलं. २००३ ला लॉर्ड लॅमिंगचा रिपोर्ट आला आणि २००५ पासून प्रायव्हेट फॉस्टरिंगचे नवे नियम. वडिलांची आत्या किंवा मावशी म्हणजे आपल्याकडे काय परकी का? आजीच की ती.

ब्रिस्टलचा_बंड्या

आम्ही केलंय हे. नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा (आयडी नवऱ्याचा आहे, लिहितेय मी). वहिनीचं डिलिव्हरीत खूप बिघडलं, बाळ महिनोन्‌महिने हॉस्पिटलात, ते राहतात कार्डिफकडे, तर थोरला १० वर्षांचा आमच्याकडे. मला वाटलं सोशल वर्कर म्हणजे कपाटं उघडून बघणारी कोणीतरी असेल. आली ती एक वयस्कर वेल्श बाई, बूट दारात काढले, चहा घेतला, कुठे झोपतो ते दाखव म्हणाली. फ्रिज बघितला नाही, पण रात्री उठला तर बाथरूमचा दिवा कुठला ते त्याला माहीत आहे का हे विचारलं. स्मोक अलार्म चालतो का बघितलं, औषधं कुठे ठेवता ते बघितलं.

मग त्याच्याशी एकट्याशी बोलली. नंतर मला म्हणाली, एक तक्रार आहे. मी गार. तर म्हणे तुम्ही त्याला दर गुरुवारी कारलं देता. :D दुसरं सांगितलेलं मात्र हसण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला होता की आई फोनवर रडते म्हणून त्याला फोन नको वाटतो, आणि फोन नको म्हटलं तर आईला वाईट वाटेल. आम्हाला वाटत होतं की गेममध्ये डोकं खुपसून बसतो म्हणून बोलत नाही. तिनेच सुचवलं की रोज रात्रीऐवजी दिवसाआड आणि दुपारी, शाळेतून येताना गाडीत करा, रात्र झाली की दोन्हीकडचे हळवे होतात. त्याने खूप फरक पडला.

रेवा, कागदांचं सांगते कारण त्यात आमचा जास्त वेळ गेला. मैत्रीण जायच्या आधी तिच्याकडून सहीचं पत्र घे. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नेता येईल, डेंटिस्ट, शाळेच्या ट्रिपा, औषधांची ॲलर्जी, ताप आला तर काय चालतं, पीरियड्समध्ये काय लागतं, सगळं लिहून. इमर्जन्सीला डॉक्टर थांबत नाहीत आणि मूल ज्याच्याकडे आहे त्याने वाजवी ते करावं असं कायदाही म्हणतो, पण ठरवून करायच्या ऑपरेशनला वगैरे आईच लागणार. हाफ टर्मला तुम्ही सगळे फ्रान्सला निघालात तर त्याचं वेगळं पत्र, पासपोर्टसकट. मुलीचा जन्मदाखला, एनएचएस नंबर, लसींचा कागद यांच्या कॉप्या. आणि वडील? घटस्फोट झाला असेल तरी लग्नातलं मूल असेल तर त्यांची पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी जात नाही, काउन्सिल त्यांच्याबद्दल विचारणारच, आधीच ठरवून ठेवा कोण कळवणार.

आणि पैसे. हे आपल्यात बोलायला जड जातं, पण बोला. काउन्सिल काही देत नाही, ते अलाउन्स काउन्सिलने ठेवलेल्या मुलांसाठी असतात. खर्च आईवडिलांचा. आम्ही भावजींना नको नको म्हणत राहिलो आणि मग मनात हिशोब सुरू झाला, ते फार वाईट. शेवटी महिन्याला एक आकडा ठरवला, त्यात शाळेचं जेवण, बस, फोन. त्या दिवसापासून दोन्ही घरात मोकळं वाटायला लागलं.

देशमुखांची_धाकटी

मी यूकेत नाही, लातूरची, आता पुण्यात. कायदा मला माहीत नाही पण जुना_पुणेकर यांचं वाचून राहवलं नाही.

अकरावी बारावीला मी पुण्यात वडिलांच्या आतेबहिणीकडे होते. चांगली माणसं. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही, आजही राखी जाते त्या दादाला. पण त्या दोन वर्षांत मी कधी विचारल्याशिवाय फ्रिज उघडला नाही. तिसरी पोळी हवी असायची, घेतली नाही. आंघोळीला सगळ्यात शेवटी, गरम पाणी संपलेलं असलं तरी बोलायचं नाही. काकूंचं डोकं दुखत असलं की आपलंच काही चुकलं का वाटायचं, मग न सांगता भांडी घासायची, आणि पाहुण्यांपुढे माझं कौतुक व्हायचं की किती गुणी, हिचा काही त्रासच नाही. घरी फोनवर मी रोज सांगायचे मस्त आहे. काय सांगणार, आईने दागिना मोडून क्लासची फी भरलेली.

कुणीतरी बाहेरचं माणूस महिन्या दीड महिन्याने येऊन मला बाजूला घेऊन विचारलं असतं ना, की पोटभर जेवतेस का, झोप लागते का, तर मी कदाचित तेव्हाही मस्तच म्हटलं असतं पहिल्यांदा. तिसऱ्यांदा नसतं म्हटलं.

पुणेकर काका, वार लावून जेवणाऱ्या आजोबांनी कुठल्या वारी काय वाढलं जायचं ते सांगितलं होतं का कधी? माझ्या पणजोबांनी सांगितलेलं आमच्या घरात अजून सांगतात, एका घरी पंगत उठल्यावर ओसरीवर पान मांडायचे. तेही हेडमास्तरच झाले हो.

जुना_पुणेकर

ओसरीवरच. बरोबर आहे. आमचे आजोबा शनिवारचं नाव काढायचे नाहीत, शनिवारी ज्या घरी वार होता तिथे.

मी कागद लावण्याच्या विरोधात आहे, पोरीची विचारपूस करण्याच्या नाही. पण मेधाताईंनी गुन्हा म्हटल्यावर माझा मुद्दा निकालातच निघाला, तेव्हा रेवाताई, कळवा. २७ दिवसांचं मागे घेतो.

ग्लासगोकर

एक छोटं, वरचं सगळं इंग्लंडचं आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा, इकडच्या कुणी हे वाचून तसंच्या तसं करू नये, आपल्या काउन्सिलला विचारा.

आणि चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी सरकारकडून मिळणारे पैसे, विसरू नका. मैत्रीण ८ आठवड्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहणार, तर एचएमआरसीला (इथल्या टॅक्स खात्याला) कळवावं लागतं. मुलगी तुमच्याकडे राहते हेही सांगायचं. पैसे कुणाच्या खात्यात येणार यावरून नंतर वसुलीचं पत्र आलं की मैत्री वगैरे सगळी बाजूला राहते. इकडे एका ओळखीच्यांकडे तेच झालं.

रीडिंगची_रेवा

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस लिहायला जमलं नाही कारण हेच चाललं होतं.

फोन केला. मैत्रीण माझ्या शेजारी बसलेली, स्पीकरवर. ती बाई इतकी साधी बोलली की मैत्रीण मधेच म्हणाली, म्हणजे तुम्ही तिला नेणार नाही ना, तर ती म्हणाली की नाही हो, तुम्ही आई आहात, मी फक्त बघायला येणार आहे. पुढच्या मंगळवारी येतेय, मैत्रीण जायच्या आधीच. डीबीएसचे फॉर्म आले. मुलाने आधी तोंड वाकडं केलं, मला चोर समजतात का म्हणाला, मग नवऱ्याने समजावलं की माझंही होतंय, मुकाट्याने पासपोर्ट शोधला.

देशमुखांची_धाकटी, तुझं मी पोरीला वाचून दाखवलं. म्हणजे तिला मराठी वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, मावशी, तुमच्याकडे फ्रिजमधलं चीज मी ऑलरेडी न विचारता खाते. मग थोड्या वेळाने म्हणाली की बंक बेडवर खालचा बेड मिळेल का, वरच्यावर मला भीती वाटते. माझ्या मुलीने तिला परस्पर वरचा बेड ठरवून टाकलेला, आणि ही इतके दिवस गप्प. चौदा वर्षांची घोडी, जन्मल्यापासून ओळखते मी तिला, पण हे मला माहीत नव्हतं. खालचा दिला. माझ्या मुलीने एक संध्याकाळ थयथयाट केला, होईल शांत.

पैशांचं बोललो. मैत्रीण द्यायला तयारच होती, मीच लाजत होते. महिन्याचा आकडा ठरला आणि बसच्या पासाचे पैसे ती थेट मुलीच्या खात्यात टाकणार. एचएमआरसीचं तिने लिहून घेतलंय. मुलीचे वडील बंगळूरला असतात, वर्षातून एकदा वाढदिवसाचा मेसेज, त्यांना मैत्रीण ईमेल करणार आहे म्हणजे नंतर मला कुणी विचारलं नाही असं नको. पत्राचा मसुदा तयार केलाय, त्यात आम्ही पीनट ॲलर्जी, पीरियड्स, चष्म्याचा नंबर, सगळं घातलंय, शिवाय मैत्रिणीने खाली लिहिलंय की केस कापायचे असतील तर आधी मला फोटो पाठवणे. :)

मेधाताई, दोन शंका. ती प्रत्यक्ष राहायला आली की परत कळवायचं का, आधी फोन केलेला असला तरी? आणि ईस्टरला मैत्रीण दहा दिवस यायचा विचार करतेय, वडिलांची तब्येत बघून, तेव्हा मुलगी तिच्या घरी राहील, तर परत पहिल्यापासून सगळं करायचं का?

हॅरोची_मेधा

हो, राहायला आली की ४८ तासांच्या आत परत कळवायचं, आणि जूनमध्ये गेली की तेव्हाही ४८ तासांत. ईस्टरला आई येऊन गेली म्हणून पहिल्यापासून काही नाही, पण तुमच्या सोशल वर्करला आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमकी त्याच आठवड्यात भेट ठेवेल आणि घरी कुणीच नाही. सगळं ईमेलने करा, फोनवर बोललात तरी खाली दोन ओळींचं ईमेल टाका.

आणि तिच्या शाळेत डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड (मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारे) कोण आहे त्यांचं नाव विचारून घ्या, पॅरेंट्स इव्हनिंगला मैत्रीण व्हिडिओवरून येणार की तुम्ही जाणार हे त्यांच्याशीच ठरवा. बऱ्याच शाळा आता तशाही ऑनलाइन घेतात, सांगलीहून जमेल, तिथे रात्रीचे दहा अकरा वाजतील एवढंच.

ब्रिस्टलचा_बंड्या

आणि कारलं गुरुवारी नको.